खिशाचं माप

यादोराव टेलरनं कॅमेऱ्याचं माप घेतलं,
आडवा चार, उभा अडीच,
टेप गळ्यात टाकत म्हणाला,
"येवढुसा? याच्यात काय मावते बाप्पा!"
मी म्हटलं, तू खिसा शिव.
छातीवर, उंच.
थोडा ढिला ठेव,
ओल्या हातानं काढता आला पाहिजे.

मोठी बॅग घरी आहे, कपाटाच्या खालच्या खणात.
दोन बॉड्या, तीन लेन्सा, फ्लॅश. तिवई वेगळी.
साडेसहा किलो.
रेशन दुकानाच्या काट्यावर तोलली होती एकदा,
दुकानदार म्हणाला, हिचं नाव कार्डात टाका.
एकोणीस वर्षं डाव्या खांद्यावर वाहिली.
आता मी शर्ट काढला की कुंदा म्हणते,
तुमचा एक खांदा टेकडीवर, एक बांधीत.

विकणार नाही. विचारणारे येतात.
तिच्यातल्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या
की मी अजून तव्यावर भाजून परत ठेवतो.
लग्नं तिनं काढली, मंडईतल्या दंडारी,
शाळेचे सत्कार.
ती दिसली की माणसं आपोआप रांगेत येत,
हात मांड्यांना चिकटवून,
जणू आत्ता राष्ट्रगीत सुरू होणार.

मागच्या उन्हाळ्यात तिला घेऊन तलावावर गेलो.
पाणी पार मध्यावर ओसरलेलं,
सायत्रा मारबते आणि तेरा बाया
बेशरम उपटून गाळात रोपं लावत होत्या,
चिल्याची, चौऱ्याची,
मासोळीला अंडी घालायला जागा व्हावी म्हणून.
मी पाळीवर तिवई रोवली. लांब लेन्स चढवली.
कोणीतरी ओरडलं, "मोजनीवाले आले वो!"
सायत्रा म्हणाली, "पोरींनो, तोंडं धुवा."
घरी आणले ते
चौदा धुतलेले चेहरे.
एकीच्याही गालावर चिखल नाही.

यंदा खिसा घेऊन गेलो.
चपला पाळीवर सोडल्या, पाण्यात उतरलो,
गुडघा, मांडी, कंबर.
गाळ बोटांमधून वर येत होता, कोमट.
कोणी वळून पाहिलं नाही.
मग सायत्रानं पाहिलं, माझ्याकडे नाही,
माझ्या हातांकडे.
"रिकामे हायेत ना? मंग धरा."
आणि ओल्या मुळ्यांचा भारा माझ्या उजव्या खांद्यावर.

दुपारपर्यंत भारे वाहिले.
मधेमधे कॅमेरा निघाला, परत गेला,
चुन्याच्या डबीसारखा.
अकरा फोटो.
एकात नुसती पाठ आहे, लुगड्याचा ओचा आणि पाणी.
एकात सायत्रा कोणाला तरी शिवी देते आहे,
तोंड उघडं, कपाळावर गाळाचा पट्टा,
मागची बाई हसून वाकलेली, बहुतेक ती शिवी तिलाच.
हा मला एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता.

मग पलीकडच्या काठावर सारस उतरले. जोडी.
खोटं कशाला बोलू, त्या क्षणी बॅग आठवली.
लांब लेन्सनं मानेची लाली
जवळ आणून दिली असती, पिसासकट.
माझ्याकडे जेवढा झूम होता तेवढा ताणला.
पडद्यावर दोन ठिपके.
सायत्रानं डोळे बारीक केले,
"हे काय जी, तांदुळातले खडे?"
सारस, मी म्हटलं.
तिनं मान वर करून पलीकडे बघितलं.
"ते तं तठी हायेत."
आणि पुन्हा गाळात वाकली.

मी ठिपके पुसले नाहीत.
पण त्यानंतर जोडी उडेपर्यंत
कॅमेरा खिशातच होता.

रात्री शर्ट दोरीवर टाकताना
खिशातून एक बारीक मुळी निघाली, कुंदानं फेकली.
यादोरावची शिवण एका कोपऱ्यात उसवली आहे,
सांगावं लागेल.
झोपताना कूस बदलली तर खांदा ठणकला.
उजवा.
"चला," अंधारात कुंदा म्हणाली,
"आता सारखे होतील."